पाण्याकडे जाणारा बोळ

तीन महिने झाले, सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. उभा जन्म नाव वल्हवण्यात गेलेला माणूस. गुडघ्यांनी दगा दिल्यावर चाकांची खुर्ची आली, तरी त्यांची सून शिवणयंत्रावर बसण्याआधी रोज सकाळी त्यांना बोळातून पाण्यापर्यंत नेई. मग शेजारी हॉटेल उभं राहिलं, बोळाच्या फाटकाला हॉटेलचं कुलूप लागलं आणि म्हाताऱ्यांचं बोलणंच आटलं. जेवण चार घासांवर आलं. डॉक्टर म्हणाले, "यावरचं औषध माझ्याकडे नाही."

म्हणून तर बोळाच्या सुनावणीला सून पहिल्या रांगेत बसली होती. एका बाजूला गल्लीचा अर्ज लिहिणाऱ्या शाळेतल्या बाई, दुसऱ्या बाजूला न्हावीकाका, मागे सगळी गल्ली.

हॉटेलच्या वकिलांनी एक मोठा फोटो टेबलावर ठेवला. "साहेब, हे फाटक. आमची पहिली वीटही लागायच्या आधीचं. तेव्हाही कुलूप आहेच! रस्ता सगळ्यांचा, तर कुलूप कशाला?" मग ते तिच्याकडे वळले. "हे कोणी लावलं, ताई?"

"आठवत नाही म्हण," न्हावीकाका कुजबुजले.

तिला ते जमणारं नव्हतं. सकाळी ज्याच्यापुढे हात जोडले, त्याला संध्याकाळी कोणतं तोंड दाखवणार?

"मीच," ती म्हणाली.

शाळेतल्या बाईंनी कपाळावर हात मारला. वकील हसून खाली बसले.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "किल्ली कोणाकडे असायची?"

"कोणाकडेच नाही. तिथेच, फाटकाला टांगलेली."

पेन थांबलं. "कुलपाशेजारीच किल्ली? मग कुलूप लावायचं कशाला?"

"मोटारसायकलवाल्यांसाठी, साहेब. त्यांना गाडीवरून उतरायचा भारी कंटाळा. कुलूप दिसलं की दोन शिव्या घालून माघारी फिरतात. पायी येणारा आपलं उघडतो, आत जातो, पुन्हा लावतो. म्हाताऱ्या माणसांना सापडावी म्हणून मी किल्लीला लाल कापडाची पट्टी शिवली होती."

अधिकाऱ्यांनी फोटो जवळ ओढला, चष्मा पुसला. "वकीलसाहेब, हे लाल काय लोंबतंय?"

वकील चष्मा सावरत वाकले, पाहिलं आणि आपले कागद आवरू लागले.

"वकीलसाहेबांच्या चष्म्यालाही एक पट्टी शिवून दे गं," न्हावीकाका म्हणाले, तेव्हा अधिकाऱ्यांनाही हसू आवरेना.

बोळ सर्वांचा, हॉटेलने दोन दिवसांत आपलं कुलूप काढावं, असा निकाल झाला. ती बाहेर आली आणि पायरीवर मटकन बसली.

"अगं, जिंकलो ना! रडतेस काय?" शाळेतल्या बाई म्हणाल्या.

"रडत नाही हो बाई. श्वास घेतेय. सकाळपासून घेतलाच नव्हता."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने खुर्ची बोळातून ढकलत नेली. सासरे गप्प. पाणी दिसलं, तरी गप्पच. तिने खुर्ची थांबवली. उशीर तर झाला नाही ना, देवा?

"ती नाव कुठल्या गाढवाने बांधलीय?"

ती दचकली. आवाज चांगला खणखणीत होता.

"सांगते हं त्याला, बाबा."

"तू काय सांगणार? तुला तरी गाठ मारता येते का?"

हयात सुईदोऱ्यात गेलेल्या त्या बाईने गुपचूप मान हलवली. "नाही हो. शिकवा ना."

"मग बघत काय उभी राहिलीस? जरा पुढे घे मला."