पांढरी पूड सोडून

रंग म्हणजे पाण्यात कालवलेली पूड, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी रंगाच्या कारखान्यात रंग बनवते. पूड नुसती झाकते. तिला भिंतीला धरून ठेवतो तो बाइंडर. आम्ही त्याला चीकच म्हणतो. ओला असताना दुधासारखा, वाळला की आरपार. तो नसला तर नुसता हात लावा, सगळी भिंत बोटांवर येईल. शिवाय फेस बसायला काहीतरी, बुरशी येऊ नये म्हणून काहीतरी. हे सगळं जमवण्यात माझी उमर गेली, आणि नवरा पाहुण्यांना सांगतो, "ही डबे ढवळते."

बाहेरच्या खोलीत सासऱ्यांच्या खुर्चीमागे तेलकट डाग होता, बरोबर डोक्याएवढा. चपचपीत तेल लावून ते भिंतीला डोकं टेकून पेपर वाचायचे. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज ओरडायच्या. पालथ्या घड्यावर पाणी. सासरे गेले, डाग राहिला. आई आता समोर बसून चहा घेतात आणि त्या डागाला बातम्या वाचून दाखवतात. कुणी आलं की गप्प.

तर नवऱ्याने खोली रंगवायला काढली. "तुझ्या रंगाच्या एका हातात झाकेल ना गं तो डाग?"

"झाकेल." बढाया मीच मारून ठेवलेल्या, आता मागे कशा घेणार?

"रंगवा की," आई म्हणाल्या, "भिंतच तर आहे." आणि चहा अर्धा टाकून उठल्या.

मला असा राग आला दोघांचा. तोंड दिलंय ना देवाने, मग बोला की! पण या घरातली माणसं मनातलं बोलतील तर शपथ. नुसता डाग सोडला असता तर नवरा दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन हजर झाला असता. म्हणून कारखान्यात मी एक छोटा डबा वेगळा बनवला. त्यात सगळं घातलं, पांढरी पूड सोडून.

रविवारी नवऱ्याने भिंत रंगवली, डागापुरता तुकडा मी घेतला. वरचं तेल साबणाच्या फडक्याने टिपलं, आत मुरलेलं कुठे जातंय! मग जाडसर हात दिला. सगळं पांढरंशुभ्र झालं.

आई दारात उभ्या होत्या. "छान झालं," म्हणाल्या, पण नजर त्या जागेवरून हलेना. सांगून टाकावंसं वाटलं, पण जुन्या तेलावर चीक धुरकट वाळला असता तर डाग कायमचा गेला असता. मलाच खात्री नव्हती.

"आई, बसा इथे. वाळेपर्यंत उठायचं नाही."

"वाळणारा रंग काय बघायचा, बाई?" म्हणाल्या, पण बसल्या.

आधी कडेने पिवळसर झाक आली. मग मधे. मग डाग जसाच्या तसा.

"अगं, हा तर वर आला," नवरा म्हणाला. "नापास झाला तुझा रंग."

"झाला. आता यावर दुसरं काही चढत नाही. राहू दे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. ब्रश डब्यात ठेवला. "राहू दे," म्हणाला.

आईंनी खुर्ची पुढे ओढली.

"किती वेळा सांगितलं," त्या म्हणाल्या, "भिंतीला डोकं टेकू नका म्हणून."