दोघांत एक काठी

मित्रांनो, मी मासे धरायची एक जुनी काठी आहे. काठी म्हटल्यावर लगेच म्हाताऱ्या माणसाची आधाराची काठी डोळ्यांपुढे आणू नका, मला राग येतो! मी उंच आहे, लवचीक आहे आणि या वयातही माझी पाठ ताठ आहे. माझ्या दोरीच्या टोकाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते, आणि तिच्या पोटाखाली गळ. मला मागेपुढे झुलवून ती माशी पाण्यावर अशी अलगद ठेवायची की माशाला ती खरीच वाटावी. हे माझं काम.

मला एका तिरसट सुताराने बनवलं. त्याने बांबू उभा चिरला, त्याच्या बारीक पट्ट्या तासून एकमेकींना चिकटवल्या आणि वर रेशमी दोऱ्याचे वेढे घातले. दोन तरुण मित्र त्याच्याकडे दोन काठ्या मागायला आले होते. "चांगला बांबू एकीपुरताच आहे," सुतार म्हणाला. "घ्यायची तर घ्या, नाहीतर रस्ता धरा." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला उचललं.

त्यातला एक घड्याळं दुरुस्त करायचा. मोजकं बोलणारा, शांत गडी. दुसरा बस चालवायचा आणि त्याचा आवाज असा की सगळे त्याला भोंगा म्हणत. मासे पळवून लावायला तो एकटा पुरेसा होता! काठी एकच, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी नियम ठरवला. मासा हाती लागला तर काठी त्याच्याचकडे राहणार. मासा सुटला की मुकाट्याने दुसऱ्याला द्यायची. ज्याचा नंबर नसेल त्याने जाळी घेऊन मागे उभं राहायचं, आणि पकडलेला मासा ओल्या हातांनी धरून पुन्हा नदीत सोडून द्यायचा.

काय दिवस होते ते! सुट्टी आली की आम्ही नदीवर. घरी परतल्यावर घड्याळवाला मला कोरड्या फडक्याने पुसायचा, कापडी पिशवीत घालायचा आणि मग पत्र्याच्या नळीत झोपवायचा. लोक हात लावून म्हणायचे, "वा, काय काठी आहे!" मी फुगून जायचे, कबूल करते. पुढे दोघांची लग्नं झाली, मुलं झाली, गुडघे कुरकुरायला लागले. माझी नळी कपाटावर गेली आणि तिथेच धूळ खात पडली. किती वर्षं, ते विचारू नका. अंधारात पडून राहणाऱ्याला वर्षं कुठली कळायला!

मग एके दिवशी भोंग्याच्या मुलीने एक बेत आखला. दूर रानात, नदीकाठी, मासे धरणाऱ्यांसाठी एक लॉज होतं. तिथे जायला रस्ताच नव्हता. तिने दोघांचं तिथलं बुकिंग केलं आणि दोघांना एकेक नवी चकचकीत काठी भेट दिली. मला खाली काढलं तेव्हा मी आनंदाने थरथरले. तेवढ्यात ती घड्याळवाल्याला म्हणाली, "काका, ही पण न्या. लॉजच्या भिंतीवर छान दिसेल."

भिंतीवर! म्हणजे माझी नदी कायमची सुटली!

प्रवास मात्र मजेचा झाला. शेवटचा टप्पा तळ्यावर उतरणाऱ्या चिमुकल्या विमानाचा होता. वैमानिकाने सामानासकट माणसांचंही वजन केलं. भोंग्याने काट्यावर उभं राहून पोट आत घेतलं. "काका, पोट आत घेऊन वजन कमी होत नाही," वैमानिक म्हणाला, तर घड्याळवाला इतका हसला की मी त्याच्या मांडीवर नळीसकट खडखडले.

लॉज लाकडी ओंडक्यांचं होतं. शेकोटीभोवती ओले मोजे वाळत होते. मालकीणबाईंनी मला बाहेर काढून निरखलं आणि म्हणाल्या, "आहा! उद्या सकाळी खिळा ठोकते. शेकोटीच्या वर शोभेल." मी टेबलावर पडून राहिले आणि मला त्या भिंतीकडे बघवेना.

पण त्याआधी एक गंमत झाली. पोचल्या दिवशीच दोघं नव्या काठ्या घेऊन निघाले. आता कोणी कोणासाठी थांबायचं कारण नव्हतं, म्हणून एक वरच्या अंगाला गेला, एक खालच्या. संध्याकाळी दोघं परतले ते पडेल चेहऱ्याने. मासे दोघांनाही मिळाले होते.

"एवढा होता!" भोंग्याने हात पसरले.

"कोणी पाहिला?"

"मी पाहिला की!"

"मग काय, झालंच."

त्यानंतर दोघं खाली मान घालून जेवले. "भांडलात की काय?" मालकीणबाईंनी विचारलं. भांडायला तरी बरोबर असावं लागतं, बाई! इतक्या लांब दोघं एकत्र आले आणि दिवसभर एकमेकांचं तोंडही पाहिलं नाही. मला त्यांची फार दया आली.

सकाळी बाई हातोडी घेऊन आल्या. मी डोळे मिटले. म्हणजे, असते तर मिटले असते.

"बाई, थांबा," घड्याळवाला म्हणाला. "हिला आज कामावर जायचंय."

"आणि तुमच्या नव्या काठ्या?"

"त्या राहू देत इथेच," भोंगा दारातून गरजला. "चल रे, पहिला नंबर कोणाचा?"

मित्रांनो, पाण्याचा तो गार वारा अंगाला लागला आणि मी पुन्हा तरुण झाले! पहिला नंबर घड्याळवाल्याचा निघाला. त्याने एक मासा धरला, मग दुसरा. भोंगा मागे जाळी घेऊन उभा. "डावीकडे टाक! अरे, डावी म्हणजे तुझी डावी!" त्याची बडबड सुरूच होती. पण ऊन कलायला लागलं तशी ती कमी होत गेली. त्याचा नंबर काही येईना. तो मागत मात्र नव्हता.

एवढ्यात मोठा मासा लागला. मी कमानीसारखी वाकले. दोरी ताणलेली होती, गळ पक्का बसला होता, हा मासा सुटणं शक्य नव्हतं. आणि तेव्हा मला जाणवलं, घड्याळवाल्याने दोरीवरचा अंगठा हळूच उचलला. दोरी सैल पडली. माशाने एक झटका दिला आणि तो गेला.

"अरेरे! सुटला!" घड्याळवाला म्हणाला आणि त्याने मला भोंग्याच्या हातात दिलं.

भोंग्याला त्याहून मोठा मासा लागला. जरा वेळ त्याने तो खेळवला. मग त्याचाही अंगठा उठला.

"छ्या! सुटला रे!"

हे असंच चालत आलंय, मित्रांनो, अगदी तरुणपणापासून. घड्याळवाला आजही लोकांना सांगतो, "भोंग्याला मासा टिकवता येत नाही हो." भोंगा सांगतो, "हा घड्याळंच दुरुस्त करो." खरं काय ते फक्त मला माहीत आहे, आणि मी त्यांना कधी सांगणार नाही.

तुम्हाला मात्र सांगते. आम्हा जुन्या वस्तूंना भिंतीवर टांगू नका, वापरा. वापरून झाल्यावर नीट कोरडं पुसा. आणि दोघांत एकच वस्तू मिळाली म्हणून रुसू नका. तुमचा मित्र कधी "सुटला रे" म्हणून ती तुमच्या हातात देईल. तेव्हा कसा सुटला, असं त्याला विचारू नका.