चढा लागणारा ई

त्याने किल्ली खुंटीवर बसवली, केसभर फिरवली आणि पियानोची पट्टी दाबली. स्वर स्थिर झाला, तशी त्याने मान वर करून रिकाम्या सभागृहात येरझारा घालणाऱ्या बायकोकडे पाहिलं.

"ई अजून चढाच आहे," ती म्हणाली. "तुझ्या कानांत काय बोळे आहेत?"

सकाळपासून हेच चाललं होतं. संध्याकाळी तिचा कार्यक्रम होता, तोही मोठ्या तापातून उठल्यानंतरचा पहिलाच. त्याचं आयुष्य पियानो लावण्यात गेलं होतं. बारा स्वरांत खोट सारखी वाटून द्यायची, म्हणजे कुठलंच स्केल अगदी गोड लागत नाही, पण कुठलं बोचतही नाही. आज तिच्या हट्टापायी त्याने ती वाटणी मोडली होती. जुन्या पद्धतीने सी मेजर शुद्ध केलं आणि सगळी खोट लांबच्या स्केल्समध्ये ढकलली. त्यातला ई स्वर आता याहून खाली नेला असता, तर बेसूरच झाला असता.

"हवा दमट आहे," तो पुटपुटला.

"मघाशी तारा जुन्या होत्या. एक कारण धरून ठेव की बाबा!"

तेवढ्यात दार ढकलून भाची आली. उत्तरार्ध ती वाजवणार होती. पिशवी खुर्चीवर फेकून ती थेट पियानोवर बसली, त्या लांबच्या स्केल्सपैकी एफ शार्पची कॉर्ड दाबली आणि चटका बसावा तसे तिने हात मागे घेतले.

"काका! आत लांडगा कोंडलाय का? कसलं भेसूर विव्हळतंय हे!"

"तुझ्या मावशीला सी मेजर शुद्ध हवं होतं."

तिने सी मेजरची कॉर्ड वाजवली. तिचा चेहरा उजळला. "अगं मावशी, हे तर तोंडात विरघळतंय! ऐक ना!"

येरझारा थांबल्या. बायको मंचावर आली.

"पुन्हा वाजव."

तिने उजवा कान तळव्याने झाकला. मग डावा. भाचीने पट्ट्यांवरून हात उचलले.

"दोन कानांत ई वेगवेगळा लागतोय. तुला कधी कळलं?" बायकोने त्याला विचारलं.

त्याने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "ताप उतरला, तेव्हा. फोनची घंटासुद्धा तुला बेसूर वाटायला लागली."

"आणि तरी दिवसभर राबलास?"

"म्हटलं, कुठेतरी तुझ्या कानाशी जुळेल."

भाची हळूच म्हणाली, "मावशी, आजचा सगळा कार्यक्रम मी करू का?"

"गप गं. अजून हात आहेत मला." तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून उघडले. "लाव परत नेहमीसारखा. हिलाही वाजवायचंय. माझी बोटं काही कानांना विचारून चालत नाहीत."

शेजारच्या तारा वाजू नयेत म्हणून त्याने नमद्याची पाचर तारांमध्ये सरकवली. भाचीला उठवून बायको स्टुलावर बसली आणि तो सांगेल ती पट्टी दाबू लागली. प्रत्येक स्वर विरेपर्यंत ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायची.