पडद्याला भोक पाडणारा प्रकाश

मित्रांनो, तमिळ मुलखात, मैलापुरातल्या एका छोट्या नेत्रालयात, खिडकीजवळ कापडाखाली झाकून ठेवलेले लेझर यंत्र म्हणजे मी. काचबिंदूशी लढायला मला घडवले. माझा प्रकाश सौम्य नाही. तो पडतो तिथे ठिणगी उडते आणि डोळ्यातला, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा फाटतो.

एका दुपारी ओरगडमच्या ट्रक कारखान्यात काम करणारे उमाकांत आपल्या पत्नीला, सुनीतीबाईंना, घेऊन धावत आले. बाईंचा उजवा डोळा आदल्या दिवसापासून ठणकत होता. दोघांनी अर्धशिशी समजून गोळ्यांवर भागवले होते. आता डोळा लालभडक झाला होता. बाई ओकत होत्या, कपाळ भिंतीवर आपटत होत्या.

"काढून टाका हो हा डोळा!" त्या किंचाळल्या आणि त्यांची लाथ माझ्या टेबलाला बसली.

डॉक्टर विजयलक्ष्मी तंजावरच्या मराठी घरातल्या. "अम्मा, डोळ्यातलं पाणी कोंडलंय. ते आतली नस चिरडतंय," त्या म्हणाल्या. शिरेतून औषध देऊन त्यांनी दाब थोडा उतरवला. "आता बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला बारीक भोक पाडावं लागेल, म्हणजे पाण्याला वाट मिळेल."

"नाही पाडलं तर?" बाईंनी विचारले.

"नजर जाईल."

"मग पाडा."

उमाकांतांनी मागून बाईंचे डोके माझ्यासमोर घट्ट धरले. "हलू नकोस गं," ते म्हणाले.

माझ्या प्रकाशाच्या पहिल्या घावाने पडद्यावर नुसता चरा उठला. दुसऱ्याने त्याचे धागे तुटले, रंगाचे कण धुरासारखे उसळले. तिसऱ्याने रक्ताची बारीक धार लागली. डॉक्टरांनी डोळ्यावर टेकवलेले भिंग दाबून ती थांबवली. पुढच्या घावाला पडदा आरपार फुटला आणि मागे कोंडलेले पाणी मुसंडी मारून पुढे आले.

डोळा वाचला, पण उशीर झाला होता. त्या डोळ्याला आज समोरचे धूसर दिसते, बाजूचे दिसतच नाही. दुसऱ्या डोळ्यालाही तोच धोका होता, म्हणून आठवड्याने बाई डाव्या डोळ्यासाठी आपणहून माझ्यासमोर बसल्या. "ह्याला दुखायच्या आधीच करा," म्हणाल्या. तो डोळा अजून शाबूत आहे. रस्त्यात उमाकांत नेहमी त्यांच्या उजव्या हाताला चालतात.

पुढे नवे यंत्र आले आणि माझ्यावर कापड पडले. त्याचे दुःख आहे, पण थोडेच. मित्रांनो, आम्ही पडदा फोडू शकतो. चिरडलेली नस आम्हाला जोडता येत नाही. घरात कुणाचा डोळा लाल होऊन ठणकला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, तर त्याला गोळी देऊन झोपवू नका. हात धरून लगेच दवाखान्यात न्या.