द्युतीचा जप

बानूबाई सणसरच्या देवळाकडं निघाल्या होत्या, तेवढ्यात कन्हेरीहून भावजयीचा, सोनमचा फोन आला. धाकट्या भावाला, सौरभला लेक झाली होती आणि येत्या सोमवारी बारसं होतं.

"अक्का, नाव ठरलं बरं का! द्युती. म्हंजे तेज. बारामती-इंदापुरात कुणाचंच नसंल. सोमवारपर्यंत कुणाला सांगू नका हं."

"दुती?"

"द्युती."

"दिवती."

पलीकडं सोनम चाचरत म्हणाली, "न्हाय जमलं तर ऱ्हाऊ द्या. कानात नाव छकुली सांगंल. ती पण चुलत आत्याच की."

ज्या सौरभला कडेवर घेऊन वाढवलं, त्याच्या लेकीच्या कानात नाव दुसरीनं सांगायचं? आत्याचा मान काय वाटेवर पडलाय व्हय?

"जमवीन," बानूबाई एवढंच म्हणाल्या.

देवळात देवाचा नेमाचा जप झाला, की त्याच माळेवर त्या नाव घोळवू लागल्या. दुती, दिवती, द्... मणी पुढं सरकायचा, जीभ मागं राहायची. पण दोन-तीन सकाळींत जोडाक्षर वळणावर आलं, तशा त्या हरखल्या आणि आवाज आपसूक चढला.

शेजारच्या सिंधुबाईंनी कान टवकारले. "बानूबाई, ही कुठली देवी वं? नवं व्रत दिसतंय."

आली का पंचाईत! खोटं बोलायचं न्हाय, अन् खरं सांगायचं न्हाय.

"सोमवारपर्यंत इचारू नका. शब्द दिलाय मी."

बस्स! जे सांगत नाहीत ते व्रत कडक, हे बायकांना काय शिकवायला लागतं? दुसऱ्या दिवशी सिंधुबाई माळ घेऊन हजर. मग त्यांची अडलेली म्हैस सुखरूप व्याली आणि देवळाच्या पायरीवर बसायला जागा उरली नाही. दळण टाकताना द्युती, उसाला पाणी देताना द्युती! आणि एकेकीचा उच्चार बानूबाईंहून लख्ख.

बानूबाईंना धडकीच भरली. भावजयीनं कुणाचं नसलेलं नाव हुडकलं, अन् आपण ते परसादासारखं वाटत सुटलो!

सोमवारी उलगडा होणार म्हटल्यावर बायका मागं कशा राहतील? त्याही जीप भरून कन्हेरीला निघाल्या.

पाळणा सजला होता. छकुली नवी साडी नेसून पाळण्याला खेटूनच उभी होती. बानूबाईंनी देवाचं नाव घेतलं, वाकल्या, "कुर्रर्र..." केलं आणि कानात सांगितलं, "द्युती."

स्वच्छ! एकदम स्वच्छ! रीतीप्रमाणं पाठीवर धपाधप बुक्क्या पडल्या, तरी त्या हसतच होत्या. मग त्यांनी नाव मोठ्यानं पुकारलं आणि सणसरच्या बायका जागच्या जागी थिजल्या.

"अगं बया! देवी तर पाळण्यात हाय!" सिंधुबाईंनी हात जोडले. पाठोपाठ सगळ्यांनी.

सोनम चक्रावली. बानूबाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. "चुकलं गं माझं. तुझं नाव मी गावभर केलं."

"गावभर?" सोनमचा चेहरा पडला.

"व्हय तर!" सिंधुबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेला दिवस गेल्यात. लेक झाली की द्युतीच!"

सोनम सौरभकडं वळली. "तुमी म्हणा बघू एकदा."

"दु... दुयती."

"छकुली, तू?"

"द्विती!"

सोनमला हसू आवरेना. "बापाला येईना अन् सणसरला पाठ! आता म्हणायलाच कुणी नसतं, तर एकटीचं नाव घेऊन पोर काय करणार हुती?" तिनं लेकीला उचललं आणि बानूबाईंच्या मांडीवर दिलं.

सिंधुबाई लगेच पुढं सरकल्या. "बानूबाई, आमच्या नातीच्या कानात बी तुमीच सांगा. तिच्या आत्याची जीभ लई जड हाय."

"न्हाय," बानूबाई हळू, पण ठाम आवाजात म्हणाल्या. "मान तिचाच. सकाळी देवळात धाडा तिला. मी शिकवीन."