आरोळीपुरती जागा

उभ्या आयुष्यात ठोक्यानं भोंग्याला कधी मध्येच तोडलं नव्हतं. गाण्याच्या शेवटी गिटारी थांबायच्या, भोंगा डोळे मिटून मान मागे टाकायचा आणि पोटाच्या तळातून आरोळी काढायचा. उंच, आणखी उंच, छताला भोक पडेल अशी. ती किती वेळ चालेल हे खुद्द भोंग्यालाही ठाऊक नसायचं. ठोक्या ड्रममागे दोन्ही हात वर धरून त्याच्या पाठीकडे बघत बसायचा. दम सरत आला की भोंग्याचे खांदे उतरायचे, आणि त्यांच्याबरोबर ठोक्याचे हात. धाड! गाणं तिथं संपायचं. देणाऱ्यानं जेवढा दम दिलाय तेवढा होऊ द्यायचा, मग आपण वाजवायचं, एवढंच त्याला कळत होतं.

दोघांनी हेवी मेटलचा बँड काढला तेव्हा त्यांना मिशाही धड फुटल्या नव्हत्या. पुढे भोंग्यानं ठोक्याच्या ताईशी लग्न केलं आणि तो दाजी झाला. पण ‘दाजी’ हा शब्द ठोक्या फक्त भांडणात काढायचा. भोंगा नुसता गाणारा नव्हता. गाणं अर्ध्यात थांबवून तो लोकांशी बोलायचा. बोलता बोलता बोलणंच सुरावर चढायचं, समोरची गर्दी हुंकार देत राहायची. अंगात काळं कातडी जाकीट, गळ्यात साखळ्या, पण मागे बसलेल्या ठोक्याला वाटायचं, हा माणूस प्रवचनाला उभा राहिलाय. “भिऊ नका रे,” एवढाच त्याचा उपदेश. तेवढा ऐकून पोरं घरी जाताना हलकी होऊन जायची.

मग संसार आले. ठोक्यानं मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलं, ड्रम माळ्यावर गेले. त्यांच्यामागून आलेल्यांनी वेग इतका वाढवला की मान हलवायलाही उसंत मिळेना. त्यानंतरच्यांनी गिटारीच्या तारा सैल सोडून सूर पाताळात नेले, आणि गाणारे वर आरोळ्या मारायच्या ऐवजी घशाच्या आत गुरगुरू लागले. ठोक्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. ज्याचं त्याचं दुःख, ज्याचा त्याचा आवाज. फक्त शब्द कळले असते तर बरं, असं त्याला वाटायचं.

भोंग्याची मुलगी अशाच एका बँडची म्होरकी होती. एके दिवशी ती दुकानात आली, तारांची भेंडोळी बाजूला सारून स्टुलावर बसली आणि म्हणाली, “मामा, बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलंय.”

“मला ताई बोलली. बोलता येईल ना पण?”

“बोलता येईल. ओरडता नाही येणार, कधीच.” तिनं डोळे पुसले. “त्याआधी आमचा कार्यक्रम आहे, दुपारचा, नाट्यगृहात. शेवटचं गाणं तुमचं जुनं घेते. ते गातील, तुम्ही वाजवा. त्यांची ती आरोळी एकदा... मला ऐकायचीय.”

“अगं, माझे गुडघे बघ आणि तुमचा तो वेग बघ.”

“गाणं तुमचं आहे मामा, वेगही तुमचाच ठेवू.”

वेग त्याचा होता, पण तो कॉम्प्युटरनं धरून ठेवलेला होता. हे त्याला तालमीला गेल्यावर कळलं. माणसाच्या उंचीचे स्पीकर गेले होते. जेवणाच्या डब्याएवढ्या एका पेटीतून सगळा गडगडाट निघत होता. प्रत्येकाच्या कानात इयरफोनचे बोळे, आणि त्यात एकसारखी टिकटिक. दिवे त्या टिकटिकीवर लागायचे, आधीच भरून ठेवलेली दुसरी गिटार तिच्यावर वाजायची, माईकही तिच्यावरच चालू-बंद व्हायचे.

ठोक्या पहिल्याच तालमीत टिकटिकीच्या पुढे पळाला. गाणं रंगात आलं की हात उचलून धावायचे, ही त्याची जुनी खोड. दिवे भलतीकडे लागले, गिटार मागे राहिली. पोरं सभ्य होती, कुणी हसलं नाही; त्याचंच त्याला जास्त लागलं.

“मामा, कानातलं ऐका. बाकी कुणाकडे बघूच नका,” भाची समजावत म्हणाली. “आरोळीला मी भरपूर जागा सोडलीय. बाबांचा दम आता तेवढा पुरत नाही. घरी ऐकलाय मी.”

“आणि पुरला तर?”

“पुरू दे की, जागा आहे.”

घसा जपायचा म्हणून भोंग्याला तालमीची बंदी होती. ठोक्या मात्र दुकानात गिऱ्हाईक नसलं की बोळे घालून रबराच्या तुकड्यावर बडवत बसायचा. भाचीला आपण तोंडघशी पाडायचं नाही, या एकाच धास्तीनं तो शिकला. उतारवयात माणूस चालायला शिकावा तसा शिकला.

कार्यक्रमाच्या दिवशी पडद्यामागे भोंगा भेटला. गळ्याला मफलर, जुनं जाकीट पोटावर लागत नव्हतं.

“काय रे, बटणं कुठं गेली?” ठोक्यानं विचारलं.

“तुझ्या बहिणीच्या स्वयंपाकानं उडवली.” आवाज खरखरीत होता. मग भोंगा थोडा जवळ आला. “हे बघ, आज जे आहे ते सगळं सोडणार. मागे काही ठेवून काय करू? शेवटी माझ्याकडे बघ म्हणजे झालं.”

इथं ठोक्यानं सांगायला हवं होतं, की बाबा रे, जागा आखलेली आहे, तेवढ्यातच बसव. पण ऐन वेळी कशाला याच्या डोक्याला घोर, असं म्हणून तो नुसतं “हो रे” म्हणाला.

गाणं सुरू झालं. ठोक्याचे हात टिकटिकीवर असे बसले की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कानात बोळे असल्यामुळे भोंग्याचा आवाज लांबच्या खोलीतून आल्यासारखा येत होता. भोंगा बोलायला थांबला नाही. गाण्यात त्याला ती फटच नव्हती. शेवट आला. गिटारी थांबल्या. भोंग्यानं मान मागे टाकली.

ठोक्यानं हात वर केले आणि डोळे ड्रमवर रोवले. एकच धाक मनात होता, आता चुकायचं नाही. टिकटिक, टिकटिक. नेमक्या जागी त्यानं हात खाली आणले. धाड! दिवे गेले, टाळ्यांचा आणि शिट्ट्यांचा कल्लोळ उठला. त्याला हायसं वाटलं. बरोबर आलो.

दिवे परत लागले तेव्हा त्यानं मान वर केली. भोंगा तसाच उभा होता. मान मागे, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. माईक केव्हाच बंद झाला होता. ठोक्यानं कानातले बोळे ओढून काढले, तेवढ्यात भोंग्याचे खांदे उतरले.

पडद्यामागे ताई धापा टाकत आली. पहिल्या रांगेत बसली होती ती. “का रे, थांबला नाहीस?” तिनं हळूच विचारलं.

ठोक्या म्हणाला, “ताई, तुला त्याचा आवाज ऐकू आला?”

“मला आला. लोकांच्या गोंगाटाखालून. पहिल्यासारखा उंच नव्हता, पण लांब होता. अंधारात किती वेळ चालला होता! तुला नाही आला?”

त्यानं हातातले बोळे दाखवले. ताईनं ते पाहिले आणि त्याच्या दंडावर हात ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. भोंगा खुर्चीत बसून मफलर गुंडाळत होता.

“भोंग्या, मी...”

भोंग्यानं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं, कारण लेक धावत येत होती. तिनं बापाच्या गळ्यात हात टाकले, मग मामाला मिठी मारली. “बाबा, काय झालं माहितीये? अगदी बरोब्बर बसली आरोळी! आणि मामा, एक ठोका इकडे तिकडे नाही! पोरं बघतच राहिली.”

तिचेही कान गाणं संपेपर्यंत बंदच होते. आनंदानं तिचा चेहरा फुलून आला होता. मायेनं आखलेलं होतं सगळं बिचारीनं. दोष कुणाला द्यायचा? ठोक्यानं भोंग्याकडे पाहिलं. भोंगा लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, “झकास झालं, बाळा. तुझा मामा म्हातारपणी वेळ पाळायला शिकला.” मग तो खाकरला. “घसा सुकला. कुणीतरी चहा सांगा. मला साखर जरा जास्त, आणि हिला...”

“मी सांगतो,” म्हणत ठोक्या निघालाच होता. दारात पोचला आणि थबकला. भोंगा अजून बोलत होता. तुटक, श्वास घेत घेत, हिला आलं घातलेला, पोरांना कॉफी असली तर कॉफी, बिस्किटं मिळाली तर बघ. ठोक्या चौकटीला हात लावून त्याच्याकडे बघत राहिला. भोंग्याचं सगळं बोलून झालं, त्यानंतरही तो क्षणभर तसाच उभा होता. मग चहा सांगायला गेला.