कंदातला सैतान

नदीकाठच्या लास गार्सास गावात शनिवारी कोंबड्यांच्या झुंजी लागतात. त्या शनिवारी लागल्या नाहीत, आणि त्याबद्दल कोणी हूं की चूं केलं नाही. आखाड्याची गोल बाकं गच्च भरली होती. दोन पोरं कुंपणावर चढली होती. मधल्या रेतीत, जिथे एरवी कोंबडे एकमेकांचे डोळे फोडतात, तिथे पांढराशुभ्र सदरा घातलेला, पवित्र पाण्याने रोग बरे करतो म्हणवणारा बंधू अबुंदिओ उभा होता. त्याच्या हातात गडद तपकिरी बाटली होती. समोरच्या खुर्चीत म्हातारा नावाडी फाउस्तिनो आ वासून बसला होता.

“गिळायचं नाही! गालात धरा! धरा, धरा... आला! बघा, आला!”

फाउस्तिनोच्या ओठांच्या कडांतून पांढरा फेस फसफसत बाहेर आला, हनुवटीवरून ओघळला, सदऱ्याच्या बटणांपर्यंत पोचला. गर्दीने एकदम श्वास ओढला.

“सैतान उकळतोय!” अबुंदिओ गरजला. “पन्नास वर्षं चिरुटाच्या आगीवर शेकत निजला होता! माझ्या पाण्याने त्याची झोप मोडली! डॉक्टर काय करणार? डॉक्टर सुरी चालवणार. सुरीने सैतान मरतो का? सुरीने सैतानाचे दोन होतात!”

गणित अचूक वाटल्यामुळे लोकांनी माना डोलावल्या.

“आणि आता ज्यांचा सैतान गेलाय त्यांना बघा. नीन्या उबाल्दिना, उभ्या राहा!”

उबाल्दिना पहिल्या बाकावरून उठली; गावात वडीलधाऱ्या बायकांना मानाने नीन्या म्हणत. एकसष्ट वर्षांची, नदीवर चादरी आपटून खांदे पुरुषासारखे झालेली. “पहिल्या आठवड्यात फेस कुठवर?” अबुंदिओने विचारलं. तिने छातीवर हात ठेवला. “आणि या आठवड्यात?” तिने चिमटीत मावेल एवढं दाखवलं. “आणि वास?”

“नाही,” उबाल्दिना म्हणाली. हे मात्र खरं होतं.

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या तोमासाने तिचा हात धरला. त्या हातासाठी उबाल्दिनाने आणखी दहा वेळा उभं राहून साक्ष दिली असती.

लास गार्सासच्या बायका चिरूट उलटा ओढतात. पेटलेलं टोक तोंडात आणि कोरडं टोक बाहेर. धोबिणीचे दोन्ही हात ओले, त्यात नदीवरचा वारा. राख उडाली तर लोकांच्या पांढऱ्या चादरींची वाट लागते. म्हणून आग आत. आईने तसा ओढला, आजीने तसा ओढला. टाळू भाजून भाजून चिवट होते आणि मग काहीच जाणवत नाही, याला इथे सवय म्हणतात. वर सगळ्यांची एक पक्की समजूत होती: जिथे निखारा असतो तिथे किडा जगत नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई दर गुरुवारी लाँचने येत आणि ब्रश वाटत, तेव्हा बायका हसून म्हणत, “आमच्या तोंडात चूल आहे, बाई. चूल कोणी घासतं का?” ब्रश बुटांना पॉलिश करायला बरे पडत.

वर्षभरापूर्वी उबाल्दिनाच्या टाळूला जखम झाली. दुखत नव्हती, फक्त वास मारू लागली. आधी धोबीघाटावर तिच्या डाव्या हाताचा दगड रिकामा झाला, मग उजव्या हाताचा. तोमासाने उबाल्दिनाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर घेतलं होतं. तेव्हापासून, बत्तीस वर्षं, दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत आणि शेजारच्या दगडांवर कपडे धूत. तीसुद्धा पाण्याचा जोर त्या बाजूला बरा आहे असं सांगून चार दगड पुढे सरकली. नाताळात शहरातून मुलगी आली. तिने नातू दाखवला, पण दारातून.

एकटेपणाची जखमही अशीच असावी. दुखत नाही, नुसतं माणसं लांब बसतात.

मग अबुंदिओ आला. त्याच्या पाण्याने पहिल्याच आठवड्यात वास गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात तोमासा पुन्हा शेजारच्या दगडावर आली, जणू मधलं वर्ष कोणीतरी धुऊन टाकलं होतं. त्या शनिवारी आखाड्यातून परतताना ती म्हणाली, “कोमाद्रे, माझ्याही टाळूवर पांढरा चट्टा आहे ना. डॉक्टरीणबाईने शहरात जायची चिठ्ठी दिलीय. तुकडा काढून बघतात म्हणे. मी कशाला जातेय? पुढच्या शनिवारी बंधूचं पाणी सुरू करते.”

“कर,” उबाल्दिना म्हणाली. अशीच चिठ्ठी तिलाही मिळाली होती. ती खळीच्या डब्यात तळाशी होती.

सोमवारी सकाळी तिला तोंडात पुन्हा तोच वास आला. हलका, पण ओळखीचा. तीन आठवड्यांच्या तीन बाटल्या संपल्या होत्या, तरी धोबीण कुठलीच बाटली पुरती रिकामी करत नाही. प्रत्येकीत थोडं थोडं शिल्लक होतं. पहिलीतलं तोंडात घेऊन ती खाटेवर टेकली. घोटातलं थोडं उशीच्या अभ्र्यावर सांडलं. तिथे आधीच रक्ताचा डाग होता, झोपेत तोंडातून आलेला. बऱ्या झालेल्या तोंडातून रक्त का यावं, हा प्रश्न तिने अजून स्वतःला विचारला नव्हता.

डाग फसफसला. मग त्या जागी स्वच्छ पांढरं वर्तुळ उरलं.

ते पांढरं उबाल्दिनाने झोपेतही ओळखलं असतं. सुईणीच्या चादरी, जखमी कोंबड्यांच्या मालकांचे सदरे, आरोग्य केंद्रातले पलंगपोस. चाळीस वर्षं रक्ताचे डाग ती याच पाण्याने काढत आली होती. जखमा धुवायला म्हणून औषधाच्या दुकानात मिळतं. उजेडाने त्याचा जोर उतरतो म्हणून तपकिरी बाटलीत ठेवतात. अबुंदिओ म्हणे, पवित्र पाण्याला ऊन सोसत नाही. यात तो खोटं बोलला नव्हता.

तिने ओट्यावरून यूका घेतली, रोजच्या जेवणातला तो कंद. चकती कापली. पहिल्या बाटलीतले थेंब टाकले. चकती फेसाने भरली. दुसऱ्या बाटलीने फेस कमी आला. तिसरीने चार बुडबुडे. हुंगून आणि बोटांनी चोळून पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं की तिसऱ्या बाटलीत बहुतेक नदीच होती. उकडलेल्या यूकेवरही तिने थेंब टाकून पाहिले. एकही बुडबुडा आला नाही; ती निष्पाप निघाली.

उबाल्दिनाने चकत्या केरात टाकल्या. सांगायला कोणी नव्हतं, आणि ज्यांना सांगायचं ते सांगितल्याक्षणी उठून जाणार होते.

गुरुवारी ती लाँचने येणाऱ्या दातांच्या डॉक्टर यानेरिसकडे गेली. डॉक्टर तिच्या मुलीच्या वयाच्या होत्या, पण तोंडात आरसा घालताना मागे सरल्या नाहीत. दातांवरचा थर खरवडून त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. काठ्या, ठिपके, वळवळणारे धागे.

“म्हणजे किडे आहेत! बंधू खरंच सांगत होता?”

“जंतू आहेत, नीन्या उबाल्दिना. माझ्याही तोंडात आहेत, बंधूच्याही. पण तुमच्या हिरड्यांत आणि जखमेत काही जातींनी ठाण मांडलंय. वास त्यांचा. त्या पाण्याने ते थोडे मरतात, वास जातो, आणि पुन्हा वाढतात. जखम होती तिथेच राहते.”

“आणि तुम्ही म्हणता ती कॅन्सरची गाठ? ती ह्यांनीच केली?”

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक बाजूला सारला. “ते अजून पुरतं कळलेलं नाही. अशा गाठींत काही जंतू जास्त सापडतात. ते जखमेची आग विझू देत नाहीत, बिघडलेल्या पेशींना वाढायला मदत करतात असं दिसतंय. पण आधी ते आले की आधी गाठ, हे मी छातीठोकपणे नाही सांगणार. चिरुटाच्या आगीबद्दल मात्र सांगेन. आणि तुमची जखम गाठ आहे की नाही, हे तुकडा तपासल्याशिवाय मला सांगता यायचं नाही.”

गेल्या महिन्यात हेच ‘सांगता यायचं नाही’ ऐकून उबाल्दिना उठून गेली होती. बंधूला सगळं माहीत असताना शिकलेल्या बाईला माहीत नसावं! आज तिला वाटलं, चाळीस वर्षांत जी गिऱ्हाइकं ‘डाग कशाचा आहे ठाऊक नाही’ म्हणाली, त्यांचेच डाग निघाले. खोटं सांगणाऱ्यांचे पक्के बसले.

त्या सोमवारनंतर तिने बंधूच्या पाण्याने चूळ भरली नाही. धोबीघाटावर दुपारीच गेली, कोणी नसताना.

शनिवारी तोमासा रेतीतल्या खुर्चीत बसली. अबुंदिओने बाटली उचलली. उबाल्दिना न बोलावता उठली आणि झोळीतून यूकेची चकती काढून तिने खुर्चीच्या हातावर ठेवली.

“बंधू, आधी हिला द्या.”

लोक हसले. अबुंदिओही हसला, जरा उशिरा. “नीन्या उबाल्दिना, ही जेवायची वेळ नाही.”

तिने त्याच्या हातातून बाटली घेतली. डागाच्या बाटल्या तिने जन्मभर हाताळल्या होत्या, तिच्याशी कोण झटणार? तिने चकतीवर पाणी ओतलं. फेस उसळला, खुर्चीवरून रेतीत ओघळला.

“यूका जमिनीतून येते!” अबुंदिओने लगेच सावरून घेतलं. “सैतान कुठे राहतो? जमिनीखाली!”

“मग आज सकाळी तू तळून काय खाल्लंस, सैतान?” कुंपणावरून कोणीतरी ओरडलं.

उबाल्दिनाने नवी चकती काढली आणि अबुंदिओच्या पेटीतली तिसऱ्या आठवड्याची बाटली तीवर ओतली. चार बुडबुडे. “बघा, दोन मिनिटांत बरी झाली. मला तीन आठवडे लागले.” मग तिने तो अभ्रा पसरला आणि मधल्या पांढऱ्या वर्तुळावर बोट ठेवलं. बाकांवर चार धोबिणी होत्या. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

“पण तुझा वास गेला!” तोमासा जवळजवळ रडत म्हणाली. “मी स्वतः शेजारी बसले होते, कोमाद्रे!”

उबाल्दिना तिच्यासमोर वाकली. यासाठीच तिने पाच दिवस चूळ भरली नव्हती.

“बघ,” ती म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं. “आणि हुंग.”

तोमासाने पाहिलं. जखम होती तिथेच होती, कडा आणखी जाड झालेली. मग तिने तोंडावर पदर घ्यावा तसा रुमाल दाबला आणि खुर्चीसकट मागे सरकली.

अबुंदिओची मोटरसायकल निघून गेली तेव्हा त्याला कोणी अडवलं नाही. लोक उबाल्दिनावरच चिडले. फाउस्तिनो म्हणाला, “बरं चाललं होतं की सगळं.” बाकं रिकामी झाली, आणि ती पहिल्या बाकावर बसून राहिली, दोन्ही बाजूंना भरपूर जागा.

ही गोष्ट सांगणाऱ्याचं म्हणणं फार नाही. फेस हा पुरावा नव्हे. वास जाणं हे बरं होणं नव्हे. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर ती डॉक्टरला दाखवावी, आणि आग चुलीत ठेवावी. ज्याला सगळंच ठाऊक आहे, त्याचं पाणी आधी कंदावर ओतून पाहावं. कंदाला काही फरक पडत नाही.

सोमवारी सकाळच्या लाँचमध्ये उबाल्दिना एकटीच शेवटच्या बाकावर बसली. खळीचा पांढरा पट्टा पडलेली चिठ्ठी तिच्या मुठीत होती. लाँच सुटायच्या बेतात असताना काठावरून कोणीतरी हाक मारली, फळी पुन्हा टाकली गेली, आणि तोमासा चढली. तिने मागे पाहिलं नाही. सरळ पुढे जाऊन, वाऱ्याच्या बाजूच्या पहिल्या बाकावर, पाठ करून बसली. दोघींच्या मधे अकरा बाकं होती.

पण बाकाच्या पाठीवर ठेवलेल्या तोमासाच्या मुठीतही तशीच चिठ्ठी होती. उबाल्दिनाला तेवढं लांबून दिसत होतं.